वाळू, विटा आणि सूर

स्पीकरच्या खोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहण्याची सवय मुंबईच्या उपनगरांतील हौशी श्रोत्यांना फार जुनी आहे. खोका ढोलासारखा घुमला, की चेहरा पडतो. दगडासारखा मुका राहिला, की समाधान वाटते. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या इमारतींमध्ये रविवारची दुपार या उद्योगात घालवणारी एक पिढीच होऊन गेली. परदेशी हाय-फाय संच आयातकराच्या भिंतीपलीकडे होते आणि पगार बेताचा होता. मग लॅमिंग्टन रोडवरून सुटे स्पीकर आणायचे, ओळखीच्या सुताराकडून प्लायवुडचा खोका करून घ्यायचा, तो मनाजोगता वाजेना म्हणून पुन्हा उघडायचा, आत कापूस भरायचा, एखादी आडवी पट्टी ठोकायची, कॅपॅसिटर बदलायचा आणि तीच तबकडी पुन्हा लावून कान टवकारून बसायचे. घरातील माणसांना या सगळ्यात काही फरक ऐकू येत नसे. तो ऐकू आल्याचे मान्य केल्याखेरीज मात्र चहा मिळत नसे.

या छंदाची बाराखडी ज्याने लिहिली, तो मनुष्य अभियंता नव्हता. विजेचे किंवा ध्वनिशास्त्राचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नव्हते. वयाची चाळिशी ओलांडेपर्यंत तो इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात कापडाच्या निर्यात व्यापारात नोकरी करीत होता. गिल्बर्ट आर्थर ब्रिग्ज हे त्याचे नाव. व्हार्फडेल या ध्वनिवर्धकांच्या नाममुद्रेचे संस्थापक म्हणून ते जगभर ओळखले गेले. परंतु त्यांचे खरे मोठेपण कारखान्यापेक्षा त्यांच्या पुस्तकांत आहे. स्वतः ध्वनिवर्धक विकणाऱ्या या गृहस्थाने, ते घरी कसे बांधावेत, कसे सुधारावेत आणि कुठे फसगत होते, हे गिऱ्हाइकाला सांगून टाकले.

ब्रिग्ज यांचा जन्म २९ डिसेंबर १८९० रोजी ब्रॅडफर्डजवळच्या क्लेटन गावी झाला. ब्रॅडफर्ड म्हणजे लोकरी कापडाची राजधानी. आपल्याकडे गिरणगावाचे जे नाते सुताशी, तेच त्या शहराचे लोकरीशी. वडील लवकर वारले आणि मुलाची रवानगी हॅलिफॅक्स येथील क्रॉसले अँड पोर्टर या अनाथ मुलांसाठीच्या शाळेत झाली. शाळा संपताच त्या काळच्या रीतीप्रमाणे ते व्यापारी पेढीत चिकटले आणि पुढची पंचवीसएक वर्षे कापडाच्या ताग्यांचे, दरांचे आणि पत्रव्यवहाराचे काम त्यांनी केले. या आयुष्यात बाहेरून पाहणाऱ्याला वेगळे असे काहीच दिसले नसते. एक गोष्ट मात्र होती. त्यांना पियानोचे वेड होते. ते केवळ वाजवण्याचे नव्हते. पियानोचा एक सूर दुसऱ्या पियानोच्या त्याच सुरापेक्षा वेगळा का वाटतो, तार कशी कंप पावते, लाकडाची फळी त्या कंपनाचे काय करते, असल्या प्रश्नांचे ते वेड होते. आयुष्यभर त्यांनी कोणताही ध्वनिवर्धक पारखला तो मुख्यतः पियानोच्या ध्वनिमुद्रणावर. पियानोचा ठोका खोटेपणा लपवू देत नाही, हे त्यांच्या कानाला पटलेले होते. आपल्याकडे हीच परीक्षा तबल्याने घेता येते. डग्ग्याची घुमक आणि चाटीची कड एकाच वेळी नीट ऐकवणारा स्पीकर सहसा बाकीच्या बाबतीतही दगा देत नाही.

सन १९२५ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी आजच्या स्पीकरचा मूळ आराखडा सिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे एक हलके वेटोळे, त्याला जोडलेला कागदी शंकू, आणि वेटोळ्यातून वाहणाऱ्या प्रवाहाबरोबर मागेपुढे होणारा तो शंकू. एवढाच त्याचा गाभा. रेडिओचा प्रसार झपाट्याने होत होता. मुंबईतही २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. घराघरांत आवाज पोहोचू लागला होता, पण तो आवाज म्हणजे बहुधा डब्यातून बोलणारा माणूस असे. ब्रिग्ज यांच्यासारख्या पियानोवेड्या माणसाला तो सहन होण्यासारखा नव्हता. त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी खटपट सुरू केली.

तेवढ्यात जागतिक मंदी आली. कापडाची निर्यात कोसळली आणि ज्या व्यापारावर संसार उभा होता तोच डळमळू लागला. सन १९३२ मध्ये ब्रिग्ज एक्केचाळीस वर्षांचे होते. त्या वयात, तेही मंदीच्या काळात, माणूस असलेली नोकरी घट्ट धरून बसतो. ब्रिग्ज यांनी इल्कली येथील आपल्या घराच्या तळघरात पहिला ध्वनिवर्धक तयार केला आणि तो विकण्यासाठी कंपनी काढली. इल्कली हे व्हार्फ नदीच्या खोऱ्यातले गाव. त्या खोऱ्याचे नाव व्हार्फडेल. तेच कंपनीला मिळाले, व्हार्फडेल वायरलेस वर्क्स. नाव भारदस्त होते. प्रत्यक्षात होते ते एक तळघर, थोडी अवजारे आणि हातभार लावणारी पत्नी.

पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड रेडिओ सोसायटीने ध्वनिवर्धकांची स्पर्धा ठेवली. ब्रिग्ज यांनी आपले दोन नमुने पाठवले आणि पहिले व दुसरे अशी दोन्ही बक्षिसे त्यांनाच मिळाली. गावपातळीवरची ही स्पर्धा. तिचे महत्त्व फुगवून सांगण्याचे कारण नाही. पण नोकरी सोडावी की नाही या विवंचनेत असलेल्या माणसाला तेवढा कौल पुरेसा ठरला. १९३३ मध्ये त्यांनी कापडाचा व्यवसाय सोडला आणि तळघरातून बाहेर पडून लहानसा कारखाना थाटला. दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत वर्षाला सुमारे ९,००० नग बाहेर पडू लागले होते. युद्धाच्या वर्षांत कारखाना सरकारी गरजेच्या कामाला जुंपला गेला.

युद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, व्हार्फडेलचा दोन भागांचा ध्वनिवर्धक तयार झाला. खर्जासाठी एक स्पीकर, वरच्या सुरांसाठी दुसरा आणि दोहोंमध्ये सुरांची वाटणी करणारे मंडल, ज्याला हौशी मंडळी क्रॉसओव्हर म्हणतात. हे धूड उचलायला दोन माणसे लागत. आज खिशात मावणाऱ्या स्पीकरच्या जमान्यात हे वर्णन विनोदी वाटेल. पण त्यामागे एक साधे कारण होते. खालचे सूर उमटवायचे तर पुष्कळ हवा हलवावी लागते. वरचे सूर उमटवायचे तर पडदा हलका आणि लहान असावा लागतो. एकच कागदी शंकू ही दोन्ही कामे करू लागला, की दोन्हीकडे तडजोड होते. वाटणी केली, की वाटणीच्या रेषेवर भांडण सुरू होते. दोन्ही स्पीकर एकच सूर थोड्या वेगळ्या क्षणी म्हणू लागतात. हे भांडण मिटवण्याची कला म्हणजेच पुढच्या पन्नास वर्षांचे स्पीकरशास्त्र, असे म्हटले तरी चालेल.

१९४८ मध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ब्रिग्ज यांनी पहिले पुस्तक लिहिले. विषय ध्वनिवर्धक, उत्तम आवाज का मिळतो आणि कसा मिळवावा, एवढीच त्याची प्रतिज्ञा. प्रकाशक त्यांचीच कंपनी. पुस्तक हातोहात खपले, पुन्हा छापावे लागले आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या. पाठोपाठ १९४९ मध्ये ध्वनीच्या पुनर्निर्मितीवरचे पुस्तक आले, १९५१ मध्ये पियानोवरचे, १९५२ मध्ये अॅम्प्लिफायरवरचे. १९५६ मध्ये खास हौशी वाचकांसाठी हाय-फायचे पुस्तक निघाले. १९५९ मध्ये स्टीरिओवर, १९६२ मध्ये केवळ खोक्यांवर. साठीपुढचा हा झपाटा पाहून चकित व्हायला होते.

या पुस्तकांचे वैशिष्ट्य असे, की त्यांत गणित जवळजवळ नाही. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसणाऱ्या लहरींची छायाचित्रे आहेत, आलेख आहेत, सुताराला हातात देता येतील अशी मापे आहेत, व्यंग्यचित्रे आहेत आणि मधूनच स्वतःवर केलेले विनोद आहेत. तज्ज्ञाने अज्ञ माणसाला शिकवावे असा सूर कुठेही नाही. चुकतमाकत शिकलेल्या माणसाने शेजाऱ्याला कुंपणावरून सांगावे तसा तो आहे. अर्थात यात व्यापाराचे गणितही होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. व्हार्फडेल सुटे स्पीकर मोठ्या प्रमाणावर विकत असे आणि खोके घरी बांधणारे जितके वाढतील तितके सुटे स्पीकर खपणार होते. तरीही आपल्या धंद्याची गुपिते इतक्या मोकळेपणाने छापणारा कारखानदार त्या काळी विरळाच होता, आणि आजही विरळाच आहे.

त्यांच्या सल्ल्यांपैकी दोन सल्ले उपनगरातील सदनिकेत राहणाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावेत असे आहेत. पहिला वाळूचा. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मागची आणि पुढची लहर एकमेकींना भेटल्या, की खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून उघडा स्पीकर पातळ वाजतो आणि त्याला खोक्यात घालावे लागते. पण खोक्यात कोंडलेली मागची लहर भिंतींना धडका देत राहते. भिंती पातळ प्लायवुडच्या असतील तर त्या स्वतःच वाजू लागतात आणि श्रोत्याला गायकाबरोबर खोकाही ऐकू येतो. हा आगंतुक साथीदार बहुधा एकाच सुरात रमतो. त्यामुळे कुठलाही राग लागला तरी खर्जात तेच एक घुमणे ऐकू येत राहते. ब्रिग्ज यांनी यावर काढलेला उपाय गवंड्याला शोभणारा होता. प्लायवुडच्या दोन पातळ फळ्यांमध्ये फट ठेवायची आणि ती कोरड्या वाळूने भरून टाकायची. फळी कंप पावू लागली की वाळूचे कण एकमेकांवर घासतात, कंपनाची शक्ती त्या घर्षणात जिरते आणि फळी गप्प बसते. या वाळूभरल्या फळ्यांनी व्हार्फडेलच्या कोपऱ्यात ठेवायच्या मोठ्या संचांना नाव मिळवून दिले. मुंबईत हा प्रयोग करणाऱ्याने वाळू कोरडी असण्याची अट विसरू नये. पावसाळ्याची हवा आणि त्यात खाडीची वाळू असेल तर मिठामुळे ती ओल धरते आणि वर्षभरात फळी फुगून बसते.

दुसरा सल्ला विटांचा. खोलीच्या कोपऱ्यात दोन पक्क्या भिंती आयत्याच मिळतात. तिसरी बाजू विटांनी बांधली आणि वर जड झाकण टाकले, की न थरथरणारा खोका तयार होतो. खर्च विटांचा आणि गवंड्याच्या एका दिवसाचा. कोपऱ्याचा दुहेरी फायदा असा, की दोन भिंती आणि जमीन मिळून खालच्या सुरांना समोर ढकलतात. लहान शक्तीचा अॅम्प्लिफायरही भरघोस खर्ज देतो. त्या काळी १५ वॉटचा अॅम्प्लिफायर म्हणजे चैन होती. त्यामुळे ही बचत महत्त्वाची होती. मात्र हाच सल्ला घाटकोपरच्या तिसऱ्या मजल्यावर जसाच्या तसा उचलणे धोक्याचे. विटांचा भार जमिनीच्या लादीने सोसायला हवा आणि कोपऱ्यातली भिंत पलीकडे शेजाऱ्याचीही असते. ब्रिग्ज राहत ते यॉर्कशायरच्या ऐसपैस घरांच्या मुलखात.

खोलीच्या मापाचा प्रश्न तर आपल्याकडे अधिकच बिकट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये १० फुटांचे अंतर असेल, तर सुमारे ५६ हर्ट्‌झचा सूर त्या दोन भिंतींमध्ये अडकून पडतो आणि इतर सुरांपेक्षा फुगून ऐकू येतो. खोली १० बाय १० असेल तर दोन्ही दिशांना तोच सूर अडकतो आणि घुमणे दुप्पट होते. उपनगरातल्या असंख्य खोल्यांची मापे याच घरातली आहेत. पुष्कळदा माणूस स्पीकर उघडून त्यात कापूस भरत बसतो आणि खरा अपराधी खोली असते. स्पीकर भिंतीपासून दीड हात पुढे ओढला, बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावरून हलवली, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट लावले, तर पैसा खर्च न होता निम्मे काम होते. ब्रिग्ज यांच्या पुस्तकांत खोलीला स्पीकरइतकाच मान आहे, तो यामुळेच.

आता त्या प्रसंगाकडे वळायला हवे, ज्यामुळे त्यांच्या नावाचा बोलबाला झाला. टेम्सच्या काठावरचे रॉयल फेस्टिव्हल हॉल १९५१ मध्ये खुले झाले होते. जवळपास ३,००० माणसे बसतील असे ते सभागृह. १ नोव्हेंबर १९५४ रोजी ब्रिग्ज यांनी ते भाड्याने घेतले आणि तिकीट लावून ध्वनिवर्धकांचा जाहीर कार्यक्रम केला. घरच्या दिवाणखान्यासाठी बनवलेले स्पीकर आणि त्यांच्या जोडीला क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांचे अॅम्प्लिफायर, प्रत्येकी अवघ्या १५ वॉटचे. आज गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ट्रकवर रचलेल्या भिंती ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना या आकड्याचे हसू येईल. एवढ्या तुटपुंज्या शक्तीवर ३,००० श्रोत्यांना तृप्त करायचे होते. त्याहून अवघड गोष्ट पुढेच होती. त्याच रंगमंचावर प्रत्यक्ष कलावंत बसणार होते. आधी वाद्य प्रत्यक्ष वाजणार, मग त्याचे ध्वनिमुद्रण, की त्याच्या उलट. आणि फरक श्रोत्यांनीच ठरवायचा.

अशी तुलना काही अगदीच नवी नव्हती. एडिसनच्या कंपनीने १९१५ पासून अमेरिकेत गायकांना फोनोग्राफशेजारी उभे करून असे कार्यक्रम केले होते. पण तिथे हेतू जाहिरातीचा होता आणि गायकही यंत्राला सांभाळून गात असत. ब्रिग्ज यांचा जुगार निराळा होता. त्रेसष्टाव्या वर्षी, वीस वर्षांत कमावलेले नाव, त्यांनी जिवंत पियानोच्या शेजारी ठेवले होते. यंत्र उघडे पडले असते तर पुढच्या दिवशी सगळ्या लंडनने हसून सोडले असते. सभागृह भरून गेले होते. कार्यक्रम यशस्वी झाला, इतका की पुढच्या काही वर्षांत त्याच ठिकाणी तो पुन्हा पुन्हा करावा लागला. ऑक्टोबर १९५५ मध्ये ब्रिग्ज आपला संच घेऊन न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलपर्यंत पोहोचले. रंगमंचावर ते स्वतः निवेदन करीत. यॉर्कशायरच्या कापडपेढीतला माणूस कार्नेगी हॉलच्या रंगमंचावर उभा राहून श्रोत्यांना हसवत होता.

या काळात त्यांच्याकडे रेमंड कुक नावाचा तरुण तांत्रिक प्रमुख म्हणून आला. पुस्तकांच्या संपादनातही त्याचा हात होता. ब्रिग्ज कानाने ठरवीत. कुक यांची ओढ मोजमापाकडे आणि प्लॅस्टिकसारख्या नव्या पदार्थांकडे होती. १९६१ मध्ये कुक बाहेर पडले आणि त्यांनी केंट परगण्यात केईएफ ही कंपनी स्थापन केली. ब्रिटिश स्पीकर उद्योगाच्या पुढच्या पिढीचा एक मोठा प्रवाह अशा रीतीने ब्रिग्ज यांच्याच अंगणातून निघाला.

परंतु काळ बदलत होता आणि तो ब्रिग्ज यांच्या बाजूने बदलत नव्हता. १९५४ मध्ये अमेरिकेतील एडगर विल्चर यांनी बंद खोक्यातल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. १९५८ मध्ये स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या. एका कोपऱ्यात वाळूचा जड संच ठेवणे एकवेळ जमत होते. आता तसे दोन हवे होते, आणि तेही ठरावीक अंतरावर. दिवाणखान्यांना दोन सोयीस्कर कोपरे क्वचितच असतात. एकात दार निघते, दुसऱ्यात शेगडी. लहान खोक्यांचा जमाना सुरू झाला. त्याच वर्षी, १९५८ मध्ये, ब्रिग्ज यांनी कंपनी रँक समूहाला विकली. ते सदुसष्ट वर्षांचे होते. विक्रीनंतरही काही वर्षे ते कारभार पाहत राहिले आणि साठच्या दशकाच्या मध्यावर निवृत्त झाले.

त्यांच्या पद्धतीच्या मर्यादाही नोंदवायला हव्यात. खोक्याचे आकारमान आणि स्पीकरचे गुणधर्म यांचे नेमके गणित ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकात ते पूर्णत्वाला नेले. त्यानंतर खोका किती लिटरचा हवा आणि त्याचे भोक किती लांब-रुंद हवे, हे करवत हाती घेण्यापूर्वीच कागदावर ठरवता येऊ लागले. ब्रिग्ज यांच्या पुस्तकांतील खोक्यांची मापे बरीचशी अनुभवाने आणि कानाने ठरलेली आहेत. आजच्या हौशी माणसाने ती जशीच्या तशी उचलली तर लाकूड वाया जाण्याची शक्यता अधिक. कंपनाविषयी, जडपणाविषयी, खोलीविषयी त्यांनी सांगितलेले मात्र गणिताने खोटे ठरवलेले नाही.

त्यांची आणखी एक देणगी मुंबईच्या हवेत विशेष जाणवते. स्पीकरचा कागदी शंकू बाहेरच्या कडेला ज्या लवचीक पट्टीने चौकटीला जोडलेला असतो, ती पट्टी ब्रिग्ज यांनी कापडाची केली. कापडाच्या व्यापारात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही. कापडी कडेमुळे शंकू मोकळेपणाने हलतो आणि खालचा सूर अधिक खाली उतरतो. पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुष्कळ कंपन्यांनी स्वस्त आणि हलक्या फोमच्या कडा वापरल्या. आरंभी त्या उत्तम वाजल्या. पण फोम हवेतल्या ओलाव्याने पिठासारखा झडतो. पंधरा-वीस वर्षांत कडा गळून पडतात आणि शंकू घासू लागून आवाज घोगरा होतो. मालक समजतो, स्पीकर जळला. समुद्रकाठच्या दमट उपनगरांत हे आणखी लवकर घडते. जुना फोमचा स्पीकर टाकून देण्याआधी त्याची कड पाहावी. वेटोळे शाबूत असेल तर केवळ कड बदलून तो पुन्हा वाजू शकतो. जुन्या क्रॉसओव्हरमधले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरही तितकेच संशयास्पद. दशकांमागून दशके उलटली की ते सुकतात, त्यांची मूल्ये ढळतात आणि वरचे सूर मलूल होतात. चार कॅपॅसिटर बदलल्यावर जुना संच नव्याने बोलू लागल्याचा आनंद पुष्कळांनी घेतला आहे. ही सुधारणा नव्हे, हरवलेली स्थिती परत आणणे आहे. पण आनंद तोच.

आपल्याकडे या छंदाला एक वेगळी धार होती. मुलुंडच्या सीमेपलीकडे ठाण्यात मर्फी रेडिओचा कारखाना होता. या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सची, यंत्रकामाची नोकरी करणारी कुटुंबे पुष्कळ होती आणि सोल्डरिंग गन घरात असणे नवलाचे नव्हते. इंग्लंडमधला हौशी माणूस निवड म्हणून स्पीकर घरी बांधी. इथल्या माणसाला बहुतेक वेळा दुसरा पर्यायच नसे. नव्वदच्या दशकात आयात खुली झाली, तयार संच दुकानांत आले आणि पुष्कळांची करवत माळ्यावर गेली. ज्यांची गेली नाही, ते पैशांच्या टंचाईमुळे स्पीकर उघडत नव्हते, हे तेव्हा कळले.

निवृत्तीनंतरही ब्रिग्ज लिहीत राहिले. १९६१ मध्येच त्यांनी आपल्या क्षेत्रातील माणसांची छोटी चरित्रे एकत्र करून एक पुस्तक काढले होते. त्यात प्रतिस्पर्धी कारखानदारांनाही त्यांनी तितक्याच आपुलकीने जागा दिली. १९६५ मध्ये वाद्यांवरचे पुस्तक आले. १९६७ मध्ये, शहात्तराव्या वर्षी, त्यांनी ज्या विषयावर लिहिले तो स्पीकर नव्हता, खोका नव्हता, खोलीही नव्हती. तो विषय होता माणसाचा कान. वय वाढते तसे कानाला वरचे सूर ऐकू येईनासे होतात. विशीतल्या माणसाला १६-१७ हजार हर्ट्‌झपर्यंतचे जे ऐकू येते, त्यातले बरेचसे सत्तरीत नाहीसे झालेले असते. तीस-चाळीस वर्षे ध्वनिवर्धकात वरचे सूर स्वच्छ यावेत म्हणून झटलेल्या माणसाने, ते सूर कानातूनच कसे निघून जातात, हे हौशी वाचकांना त्याच साध्या भाषेत समजावून सांगितले.

जानेवारी १९७८ मध्ये, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, गिल्बर्ट ब्रिग्ज यांचे निधन झाले. व्हार्फडेलची मालकी पुढे अनेक हातांतून गेली. आता ती एका आंतरराष्ट्रीय समूहाकडे आहे आणि स्पीकर चीनमध्ये बनतात. साठच्या दशकातल्या डेंटन आणि लिंटन या जुन्या नावांनी नवे संच २०१२ आणि २०१९ मध्ये पुन्हा काढण्यात आले. ब्रिग्ज यांच्या वेळचे कापडी कडेचे स्पीकर जुन्या सामानाच्या बाजारात अजूनही हौशी मंडळींच्या हाती लागतात. त्यांचे खोके बहुधा वाळवीने किंवा घरबदलीत गेलेले असतात. कड शाबूत असते. त्यांना खोका नव्याने बांधावा लागतो.